उज्ज्वलाचं खाऱ्या पाण्यातलं रान

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. घरातलं एक माणूस सरळ वाट सोडून भलतीकडं निघालं, की ते आपोआप साठायला लागतात. आमच्या घरात सरळ वाटा दोनच. एक मिलिटरी, दुसरी ऊस. आजोबा फौजेत होते. चुलते अण्णा फौजेत गेले आणि सुभेदार होऊन परत आले. मी उसाची वाट धरली. कोरेगावच्या बाहेर रस्त्याला लागून माझी उसाच्या रोपांची नर्सरी आहे. आणि अण्णांची एकुलती एक पोरगी, माझी चुलत बहीण उज्ज्वला, समुद्रात झाडं लावते.

हे वाक्य मी ज्याला ज्याला ऐकवलं, त्यानं हातातला चहाचा कप आधी खाली ठेवलाय. म्हणून पहिल्यांदा तेवढं उरकून घेतो. ऑस्ट्रेलियाच्या खाली टास्मानिया नावाचं बेट आहे. तिथल्या थंड समुद्रात केल्प म्हणून वनस्पती होते. तळाच्या खडकाला घट्ट धरायचं आणि सरळ उजेडाकडं वर यायचं, एवढंच तिला कळतं. उसाच्या कितीतरी पट उंच जाते. अशी दाटीवाटीनं वाढली की पाण्याखाली जंगल उभं राहतं आणि मासे, खेकडे, शंख सगळे त्याच्या जिवावर जगतात. समुद्र तापायला लागला तशी ही जंगलं मरत चालली. उज्ज्वला ती परत उभी करायच्या मागं लागलीय. डॉक्टरेट आहे, लॅब आहे, हाताखाली माणसं आहेत. आमच्या गावात मात्र त्या सगळ्या कारभाराला 'उज्ज्वलाचं रान' म्हणतात; आमच्याकडं शेतालाही रानच म्हणतात.

काकीचं, म्हणजे तिच्या आईचं, म्हणणं एकच. "रानच करायचं तर हितं काय कमी हाय? ये म्हणावं, कर." पोरगी परत यावी, याच्यापलीकडं तिला काही नको. आणि पोरीला तिकडं रान उभं करायचंय. आमच्या घरातले सगळे किस्से या दोघींच्या मधेच कुठंतरी घडतात.

*

गावातली सगळी पोरं विहिरीत पोहायला शिकली तशीच उज्ज्वलाही शिकली. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि अण्णांनी वरून ढकलून द्यायचं. फरक एवढाच की बाकीची पोरं वर राहायला शिकली आणि ही खाली जायला शिकली.

त्या काळी विहिरीत बादली पडली की गळ टाकून काढायची पद्धत. दोरीला लोखंडी आकडे बांधायचे आणि तास-तासभर चाचपत बसायचं. उज्ज्वला बुडी मारायला लागल्यापासून गळाला गंज चढला. कुणाची बादली पडो, कळशी पडो, हाक हिलाच. चटकन खाली जायची, पटकन वर आणायची.

एकदा काकीचीच नवी पितळी कळशी पडली. उज्ज्वला खाली गेली. बराच वेळ वर येईना, तेव्हा काकी काठावर बसून रडायच्या बेतात आलेली. मग ही वर आली, रिकाम्या हातानं.

"कळशी कुठाय गं?"

"हाय खाली. पण आत माशांची पिल्लं शिरल्यात. ऱ्हाऊ दे त्यांना."

काकी म्हणाली, "त्यांचं झालं. आता मी पाणी कशात भरू, ते बी विचारून ये त्यांना."

कळशी शेवटी उन्हाळ्यात पाणी आटल्यावर निघाली. तोवर काकी शेजारची कळशी मागून पाणी भरत होती आणि शेजारीण कारण विचारायची तेव्हा सांगायची, "आमची भाड्यानं दिलीया."

*

बारावीला चांगले मार्क पडले. सगळ्या भावकीनं परस्पर ठरवून टाकलं, कराडला इंजिनिअरिंग. एसटीनं जाऊन-येऊन करता येईल, कराडात मामा आहेत, डब्याचीसुद्धा सोय. उज्ज्वला म्हणाली, मला समुद्राचं शिकायचंय. तोवर तिनं समुद्र बघितला होता एकदा, शाळेच्या सहलीत, आणि त्यातही निम्मा वेळ गाडी लागली म्हणून बसमध्येच पडून होती.

घरात मोठी बैठक बसली. ज्याला त्याला काळजी फुटली. समुद्रात नोकरी कोण देतं? पोरीच्या जातीनं पाण्यात काय करायचं? अण्णा सगळ्यांचं ऐकत होते. मिशीवरनं हात फिरवून त्यांनी निकाल दिला, "पोस्टिंग घरच्यांनी ठरवायचं नसतं. ज्याला जायचं त्यानं जायचं."

फौजी माणसाच्या या वाक्यावर बैठक उठायला लागली. आतून काकीचा आवाज आला, "माझं पोस्टिंग तर तुमच्या आईनं ठरवलं व्हतं. मला कुठं कुणी इचारलं?"

उज्ज्वला मात्र गेली. गोव्याला शिकली, पुढं स्कॉलरशिप काढून बाहेर गेली. कुणाची ओळख नाही, वशिला नाही, इंग्रजी आमच्याच शाळेतलं. मी थोरला भाऊ असून सांगतो, एवढं धाडस माझ्यात नव्हतं.

*

मधे एकदा सुट्टीवर आली तेव्हा काकीनं घाईघाईनं स्थळ ठरवलं. फलटणकडचे लोक, भरपूर ऊस, माणसं चांगली. मुलगा, त्याची आई, वडील आले. कांदेपोहे झाले. मुलाच्या आईनं विचारलं, "समुद्रात म्हंजे नेमकं काय करतीस बाळ?"

"झाडं लावते."

"आन् पाणी कोण घालतं त्यास्नी?"

मी पोह्याची बशी तोंडापुढं धरून हसू दाबलं. उज्ज्वला मात्र हसली नाही. तिनं सरळ बसून सांगितलं, की पाण्याचा प्रश्न नसतो, उजेडाचा असतो. पाणी गढूळ झालं की खाली ऊन पोचत नाही, मग रोप पिवळं पडतं. मुलाचे वडील इतका वेळ पोहे खात होते. ते पुढं सरकून बसले. "म्हंजे कॅनॉलची पाळी न्हाई?"

"न्हाई."

"मोटर न्हाई? लाइटची वाट बघणं न्हाई?"

"न्हाई."

ते आपल्या मुलाकडं वळले. "आरं, मग आपुन काय करतूय हितं?"

पुढं बराच वेळ नवरा-नवरीचं राहिलं बाजूला, ते आणि उज्ज्वला दोन रोपांत अंतर किती ठेवायचं यावर बोलत बसले. लग्न काही जमलं नाही. मुलाला फलटण सोडायचं नव्हतं आणि उज्ज्वलाला समुद्र. पण ते गृहस्थ आजही मला बाजारात भेटले की पहिला प्रश्न तोच, "आमच्या सूनबाईचं पीक कसं हाय?"

लग्न तिनं पुढंही केलं नाही. काकीनं तेही समुद्राच्याच नावावर टाकलंय.

*

पहिली लागण, म्हणजे लावणी, केली तेव्हा तिनं फोनवर व्हिडिओ लावून आम्हाला दाखवली होती. लॅबमधल्या टाकीत दोऱ्यावर वाढवलेली बोटभर रोपं. तो दोरा जाड दोराला गुंडाळायचा, दोर समुद्राच्या तळाशी खडकांवर ताणून बांधायचा, रोपांनी खडक धरला की काम झालं. माझ्या नर्सरीत ट्रेमध्ये रोपं करतात आणि हिच्याकडं दोरीवर, एवढाच काय तो फरक. आम्ही सगळे खूश.

थोड्या महिन्यांनी फोन आला, रान गेलं. खडकांवर काटेरी गोळे असतात, साळिंदराच्या पिल्लासारखे. पाणी गरम व्हायला लागलं तसे ते वरच्या अंगानं, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याकडनं, खाली सरकले. ते रोप बुडाशी कुरतडतात. वरचं सगळं चांगलं दिसतं आणि एक दिवस आख्खं झाड सुटून वाहून जातं.

फोन स्पीकरवर होता. माझ्या नर्सरीत रोपं न्यायला आलेली माणसं भोवती उभी. सगळ्यांच्या तोंडून एकदमच आलं, "हुमणी."

उसाची मुळं खाणारी ती पांढरी अळी. ज्याच्या रानात हुमणी लागली नाही असा माणूस आमच्याकडं शोधून सापडायचा नाही. मग काय, सल्ल्यांचा पूर आला. एकानं औषध सांगितलं. दुसरा म्हणाला, दिवा लावून खाली रॉकेलचं पाणी ठेव, रात्री तिचं भुंगं येऊन पडत्यात. "आवं, ती समुद्राच्या तळाशी हाय," मी म्हटलं. तो म्हणाला, "मग दिवा जरा मोठा लावायचा."

उज्ज्वला हसत होती की रडत होती ते फोनवर कळलं नाही. शेवटी तिनं आणि तिच्या माणसांनी ती हुमणी हातानं वेचली. गोठवणाऱ्या पाण्यात, पाठीवर सिलिंडर बांधून, हातात आकडा घेऊन, आख्खा हिवाळा. रोज पाण्याखाली जायचं, खडकाच्या फटीतून एकेक गोळा उचकटायचा, जाळीत टाकायचा. बोटांत काटे मोडायचे ते संध्याकाळी चिमट्यानं काढत बसायची. आम्ही वैतागलो की दुसरं पीक घेतो. हिनं दुसऱ्या पिकाचा विचारसुद्धा केला नाही.

तिच्या साहेबाचं नाव पीटर. एकदा व्हिडिओवर त्यांची आमची ओळख करून दिली. त्यांनी हात जोडले आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "नमस्ते. हुमणी व्हेरी बॅड."

*

दुसऱ्या लागणीच्या आधी ती सुट्टीवर आली आणि मला सांगलीला घेऊन गेली. तिला दोर बघायचे होते. कुठल्या दोराला रोप चांगलं चिकटतं याचा तिचा प्रयोग चाललेला. दोर-दाव्यांच्या दुकानात शिरलो. दुकानदार म्हातारा, चष्मा नाकावर.

"बैलाला पायजे का म्हशीला?"

"झाडाला," उज्ज्वला म्हणाली.

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "झाड पळून जातंय व्हय?"

"व्हय मामा. मूळ धरंस्तवर पळून जातंय."

त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. बहुतेक मी तिला मिरजेच्या डोक्याच्या दवाखान्यात घेऊन चाललोय असं त्याला वाटलं असावं, कारण पुढचं सगळं तो फार मायेनं बोलला. तिनं काथ्याचा, अंबाडीचा, सुताचा, नायलॉनचा असे सगळे हातहातभर तुकडे घेतले. त्यानं पैसे घेतले नाहीत. "बरी व्हशील पोरी," एवढंच म्हणाला.

मुक्काम सांगलीतल्या आत्याकडं. उज्ज्वलानं गच्चीवर बादल्या मांडल्या, आत्यानं लोणच्यासाठी आणून ठेवलेलं सगळं मीठ पाण्यात कालवलं आणि दोराचे तुकडे भिजत घातले. रोज जाऊन बघायची, ताणून बघायची, वास घ्यायची. शेजारच्या बायका विचारायला लागल्या तेव्हा आत्यानं शांतपणे सांगितलं, "भाची आलीया परदेशातनं. दोराचं लोणचं घालतीया."

*

पीटर साहेब एकदा खरोखरच आले. मुंबईत कसली तरी परिषद होती, तिथून उज्ज्वला त्यांना गावाकडं घेऊन आली. माझ्या नर्सरीत त्यांनी अर्धा दिवस काढला. उसाच्या पेरावरचा कोंबाचा डोळा काढून ट्रेमध्ये कसा लावतात ते स्वतः करून बघितलं. जेवायला बसले आणि मटणाच्या रश्श्यानं त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला, तरी पठ्ठ्यानं वाटी खाली ठेवली नाही.

जेवण चालू असतानाच काकी समोर येऊन उभी राहिली. पदर खोचलेला. उज्ज्वलाला म्हणाली, "इचार त्यास्नी, माझी पोरगी कवा सोडणार?"

उज्ज्वला अवघडली. अण्णा म्हणाले, "आगं, पाव्हणं जेवत्यात." काकी हलली नाही. शेवटी उज्ज्वलानं विचारलं. साहेबांनी वाटी खाली ठेवली, सरळ माणूस असावा, गोल गोल बोलले नाहीत. त्यांचं उत्तर उज्ज्वलालाच आईला मराठीत सांगावं लागलं. तिनं एक शब्द इकडचा तिकडं केला नाही.

"ते म्हणतायत, आता जे रान लावणार आहे ते टिकलं, तर पुढच्या किनाऱ्यांवर लावायला मलाच राहावं लागेल. बरीच वर्षं. नाही टिकलं, तर पैसे बंद होतील. मग मी मोकळी."

काकीनं खोचलेला पदर सोडला.

"भात वाढू का म्हणावं त्यास्नी आजून?" ती म्हणाली, आणि आत गेली.

*

दुसरी लागणही गेली. या वेळी हुमणी नाही, ऊन. आपल्याकडं संक्रांत असते तेव्हा तिकडं ऐन उन्हाळा. समुद्राचं पाणी इतकं तापलं की रोपं दोरीवरच वितळल्यासारखी झाली. तिचा फोन आला, "अण्णा, गेलं सगळं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकीनं माडीवरची खोली झाडून घेतली. आठवड्याभरात चुना झाला, नवा पंखा लागला. मला टेम्पो घेऊन कराडला पिटाळलं, सागवानी पलंग आणायला. अण्णांनी विचारलं, "हे कशापायी?" काकी म्हणाली, "पोरगी आली तर काय भुईवर निजंल?" तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तजेला दिसत होता. मला तिचा राग येत होता आणि कीवही.

पलंग माडीवर चढवून आम्ही घाम पुसत होतो, तेवढ्यात उज्ज्वलाचा फोन. आवाज वेगळाच.

"अण्णा, सगळं न्हाई गेलं. एका कोपऱ्यात थोडी जगल्यात. ऊन सोसून जगल्यात म्हंजे त्यांच्यात काहीतरी हाय. त्यांचंच बेणं धरतीय मी."

ही बातमी मी नर्सरीवर सांगितली तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. बेणं, म्हणजे पुढच्या लागणीचं बी, निवडून घेणाऱ्या माणसाला आमच्याकडं वेगळी इज्जत आहे. पीटर साहेबांनी वरच्या लोकांशी भांडून आणखी एका लागणीचे पैसे मिळवले. ही शेवटची, असं स्पष्ट सांगूनच.

पलंग माडीवरच राहिला. अण्णा दुपारचे त्याच्यावर आडवे होतात. डोळा लागला की काकी जिन्यातून हाक मारते, "उठा. पोरीचा हाय त्यो."

*

तिसरी लागण झाली. बेण्याची रोपं जोमदार निघाली. हुमणी वेचून वेचून खडक साफ ठेवलेला. सगळं ठीक होतं आणि परत तिकडचा उन्हाळा आला. उज्ज्वलाचे फोन आखूड व्हायला लागले. "पाणी तापायला लागलंय," एवढं सांगायची आणि ठेवून द्यायची. एकदा काकीनं फोन घेतला तर पलीकडून नुसतं रडणं. इतक्या वर्षांत पोरगी आईजवळ रडली नव्हती. काकी पलीकडचं रडं थांबेपर्यंत फोन कानाला धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सरीवर आली. "गाडी काढ. भैरोबाला जायाचं हाय. कौल लावायचाय."

आमच्या भैरोबाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर दोन बाजूंना दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपलं मागणं मोठ्यानं बोलतो, आणि मग बसून राहायचं. उजवी आधी पडली की देवानं दिलं. डावी पडली की नाही.

गुरवानं काकीला बघितल्या बघितल्या पाकळ्या भिजवायला घेतल्या. "बसा, मावशी. पोरगी माघारी येऊ दे, त्योच ना? दर साली तुमचा त्योच असतोय."

"न्हाई. आज दुसरा हाय."

"मग काय बोलू?"

"तिचं रान जगू दे, म्हणा."

गुरवाला काही कळेना. "कुठल्या शिवारातलं?"

"समुद्रातलं. देवाला ठाव आसंल. तुमी बोला."

मी काकीच्या कानाशी वाकलो. म्हटलं, "काकी, अगं रान जगलं तर ती यायची न्हाई."

"मला सांगतूयास व्हय?" ती म्हणाली. "गप बस जरा."

गुरव मागणं बोलला. आम्ही बसलो. घंटा वाजवून माणसं येत होती, जात होती. काकीनं हात जोडलेले ते सोडलेच नाहीत. डावी पाकळी एकदा हलल्यासारखी झाली आणि काकी अर्धी उठली. पाकळी तशीच चिकटून राहिली. मग उजवी सुटली आणि देवाच्या पायापाशी येऊन पडली.

"दिला, मावशी. उजवा दिला," गुरव म्हणाला.

काकीनं डोकं टेकवलं. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला, एरवी घेत नाही. पायऱ्या उतरून गाडीत बसली. अर्धा रस्ता खिडकीतून बाहेर बघत होती.

कोरेगाव जवळ आलं तसं म्हणाली, "लोकरीच्या दुकानापाशी थांबव. तिकडं थंडी लय असती म्हणं."

"कुठल्या रंगाची घ्यायची?" मी विचारलं.

"रंग कुठलाबी चालंल. लय वर्सं टिकाय पायजे."